१७६६३१९०४९ : हा आकडा हाताने कसा काढायचा आणि काढल्यावर त्याच्यात काय काय बघायचं

एकशे शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास. आधी दोनदा मोठ्याने वाचा, तोंडात बसू द्या. भास्कराचार्यांच्या लीलावती या ग्रंथातल्या स्थानांच्या नावांनी वाचलं तर १ अब्ज, ७ अर्बुद, ६ कोटी, ६ प्रयुत, ३ लक्ष, १ अयुत, ९ सहस्र, शतक शून्य, ४ दशक, ९ एकक. हा आकडा आपल्या खान्देशात प्रत्येक गणितवाल्या पोराला माहीत असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण ज्या भास्कराचार्यांनी ११५० साली आपल्या बीजगणित या ग्रंथात तो काढून ठेवला त्यांच्या नातवाने मठ काढला तो आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला. त्याबद्दल पुढे सांगतो. आधी प्रश्न काय होता ते बघू, मग वही घेऊन स्वतः आकडा काढू. पूर्ण गणित दोन पानांत होतं, कॅल्क्युलेटर नसला तरी चालतं, फक्त गुणाकार नीट करायचे.

प्रश्न केळीच्या बागेवरून सांगतो म्हणजे लगेच डोळ्यासमोर येईल. समजा रावेरकडच्या कुणाकडे ६० छोट्या चौरस बागा आहेत, प्रत्येक बागेत ४ ओळी आणि ओळीत ४ झाडं. एका बागेत १६, सगळ्या मिळून ९६० झाडं. त्याने अजून एकच रोप आणलं, झाली ९६१. आता ही सगळी उपटून एकच मोठी चौरस बाग लावायची म्हटलं तर लागते का? लागते, कारण ३१ × ३१ = ९६१, एक रोप उरत नाही आणि एक कमी पडत नाही.

६२ बागा असतील तर? प्रत्येक बाग ८ × ८ धरा, ६२ × ६४ = ३९६८, एक जास्तीचं रोप, ३९६९, आणि ६३ × ६३ बरोबर ३९६९. ६३ बागा असतील तर फारच सोपं, प्रत्येक बागेत एकेकच झाड, ६३ आणि १ मिळून ६४, ८ × ८.

मधली राहिली ६१. साठला ४ पुरले, बासष्टला ८ पुरले, मग एकसष्टला पाच-पन्नास करून बघितलं तर सापडेलच असं कुणालाही वाटतं. करून बघा. शंभरपर्यंत जा, हजारपर्यंत जा, लाखापर्यंत जा, नाही सापडत. सगळ्यात लहान उत्तर असं आहे की प्रत्येक छोट्या बागेची बाजू २२६१५३९८० झाडांची आणि मोठ्या बागेची बाजू १७६६३१९०४९ झाडांची. दोन झाडांत दीड मीटर अंतर धरलं तर ६१ पैकी एका बागेची नुसती एक बाजू सुमारे ३ लाख ३९ हजार किलोमीटर भरते, चंद्राचं सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर आहे त्याच्या थोडी अलीकडे, आणि मोठ्या बागेची बाजू साडेसव्वीस लाख किलोमीटर. आमच्या घरी मी हे सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "इतला मोठा आकडा कसाले जोयजे रे भाऊ?" प्रश्न अगदी रास्त आहे, पण आपण ठरवून मोठा नाही केला, ६१ च्या पोटातच तो तेवढा मोठा आहे, आपण फक्त बाहेर काढतो.

कामाला लागायच्या आधी चार शब्द

जुन्या गणितात या प्रकाराला वर्गप्रकृती म्हणतात. ६१ ही प्रकृती. लहान बागेची बाजू म्हणजे कनिष्ठ, मोठ्या बागेची बाजू म्हणजे ज्येष्ठ, आणि वरून जे मिळवायचं (किंवा काढायचं) तो क्षेप. म्हणजे प्रत्येक ओळ अशी दिसते:

६१ × कनिष्ठ² + क्षेप = ज्येष्ठ²

आपल्याला क्षेप १ हवाय. बस, एवढंच. वहीत तीन रकाने आखा, कनिष्ठ, ज्येष्ठ, क्षेप, आणि प्रत्येक पायरीनंतर ओळ लिहून ताळा करत चला. ताळा टाळला की पुढे सगळं वाया जातं, कारण चूक तीन पायऱ्यांनंतर कळते आणि कुठे झाली ते सापडत नाही.

पायरी १ : जवळची ओळ पकडा

६१ चं वर्गमूळ ७.८१ च्या आसपास, म्हणजे जवळचा पूर्णांक ८. कनिष्ठ १ घ्या:

६१ × १² + ३ = ८²

कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. क्षेप १ पाहिजे होता, ३ आलाय. आता तो क्षेप हळूहळू वळवत आणायचा, आणि फिरवत फिरवत आणायची जी रीत तिचं नाव चक्रवाल. भास्कराचार्यांच्या आधी जयदेव नावाच्या गणितज्ञाने ती मांडलेली आहे, भास्कराचार्यांनी ती बीजगणितात उदाहरणांसकट पक्की केली.

पायरी २ : चक्रवालाचा एक फेरा

एक गुणक निवडायचा. त्याला दोन अटी. पहिली, कनिष्ठ × गुणक + ज्येष्ठ याला क्षेपाने पूर्ण भाग गेला पाहिजे. दुसरी, अशा गुणकांपैकी ज्याचा वर्ग ६१ च्या सगळ्यात जवळ असेल तोच घ्यायचा. सगळं गणित या दुसऱ्या अटीवर उभं आहे, कारण तिच्यामुळे क्षेप आटोक्यात राहतो.

आपल्या ओळीत १ × गुणक + ८ ला ३ ने भाग जायला पाहिजे. गुणक १ चालतो (९), ४ चालतो (१२), ७ चालतो (१५), १० चालतो (१८). वर्ग बघा: १, १६, ४९, १००. ६१ पासून ४९ चा फरक १२, १०० चा ३९. म्हणून गुणक ७.

आता नवी ओळ काढायचे तीन हिशोब:

नवा कनिष्ठ = (कनिष्ठ × गुणक + ज्येष्ठ) ÷ क्षेप = (७ + ८) ÷ ३ = ५

नवा ज्येष्ठ = (ज्येष्ठ × गुणक + ६१ × कनिष्ठ) ÷ क्षेप = (५६ + ६१) ÷ ३ = ३९

नवा क्षेप = (गुणक² − ६१) ÷ क्षेप = (४९ − ६१) ÷ ३ = −४

ताळा: ६१ × २५ = १५२५, त्यातून ४ गेले १५२१, आणि ३९ × ३९ = १५२१. बरोबर.

हे असं का चालतं ते दोन ओळीत सांगतो, नाहीतर मंत्र म्हटल्यासारखं होतं. ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली एक नियम दिला, त्याला भावना म्हणतात. अशा दोन ओळी तुमच्याकडे असतील तर त्या जोडून तिसरी ओळ तयार होते: नवा ज्येष्ठ म्हणजे दोन्ही ज्येष्ठांचा गुणाकार अधिक ६१ × दोन्ही कनिष्ठांचा गुणाकार, नवा कनिष्ठ म्हणजे तिरकस गुणाकारांची बेरीज (पहिल्याचा ज्येष्ठ × दुसऱ्याचा कनिष्ठ, आणि उलट), आणि नवा क्षेप म्हणजे दोन्ही क्षेपांचा गुणाकार. आता कुठलाही गुणक घेतला तरी ६१ × १² + (गुणक² − ६१) = गुणक² ही ओळ आपोआप खरीच असते. चक्रवालात आपण हीच फुकटची ओळ आपल्या ओळीशी जोडतो आणि क्षेपाने भागून लहान करतो. एवढंच आहे ते.

पायरी ३ : क्षेप −४ आला की थांबा, इथे आडवाट आहे

फेरे मारत राहिलं तरी उत्तर येतं, पण बराच वेळ लागतो. क्षेप ४ किंवा −४ आला की ब्रह्मगुप्तांची युक्ती वापरायची, भास्कराचार्यांनीही हेच केलंय. सगळ्याला २ ने भागा. कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२, क्षेप −४ चा −१ (क्षेप वर्गाच्या हिशोबात असतो म्हणून तो ४ ने भागला जातो). पूर्णांक गेले, अपूर्णांक आले, पण घाबरायचं नाही, ते पुढे आपणहून जातात.

मुलं चुकतात ती नेमकी इथे. कनिष्ठ आणि ज्येष्ठ २ ने भागतात आणि क्षेपपण २ ने भागून −२ लिहितात. माझ्याही हातून पहिल्यांदा हेच झालं होतं आणि अख्खी संध्याकाळ गेली होती. ताळा केला असता तर लगेच कळलं असतं: ६१ × २५/४ = ३८१.२५, उणे १ = ३८०.२५, आणि १९.५ × १९.५ = ३८०.२५.

पायरी ४ : ओळ स्वतःशीच जोडा

(५/२, ३९/२, −१) ही ओळ तिच्याशीच भावना करून जोडली की:

ज्येष्ठ = (३९² + ६१ × ५²) ÷ ४ = (१५२१ + १५२५) ÷ ४ = ३०४६/४ = १५२३/२

कनिष्ठ = २ × ३९ × ५ ÷ ४ = ३९०/४ = १९५/२

क्षेप = −१ × −१ = १

क्षेप १ आला! पण कनिष्ठ आणि ज्येष्ठ अजून अर्ध्यात अडकलेत, अर्धं झाड लावता येत नाही. ताळा करून ठेवा: १५२३² = २३१९५२९, ६१ × १९५² = २३१९५२५, फरक ४, आणि चाराचा चौथा भाग १. या १५२३ भोवती वहीत गोल करा, पुढे तो परत भेटणार आहे.

पायरी ५ : अपूर्णांक घालवा

आता या ओळीला मूळ (५/२, ३९/२, −१) जोडा.

ज्येष्ठ = (१५२३ × ३९ + ६१ × १९५ × ५) ÷ ४ = (५९३९७ + ५९४७५) ÷ ४ = ११८८७२ ÷ ४ = २९७१८

कनिष्ठ = (१५२३ × ५ + ३९ × १९५) ÷ ४ = (७६१५ + ७६०५) ÷ ४ = १५२२० ÷ ४ = ३८०५

क्षेप = १ × −१ = −१

अपूर्णांक गेले. ताळा: ३८०५² = १४४७८०२५, गुणिले ६१ = ८८३१५९५२५. आणि २९७१८² = ८८३१५९५२४. एकाचा फरक. म्हणजे एक रोप मिळवण्याऐवजी एक रोप काढून टाकायचं असतं तर उत्तर इथेच होतं, ३८०५ आणि २९७१८. पण आपल्याला मिळवायचंय.

पायरी ६ : शेवटची भावना

ही ओळ पुन्हा स्वतःशी जोडा.

ज्येष्ठ = २९७१८² + ६१ × ३८०५² = ८८३१५९५२४ + ८८३१५९५२५ = १७६६३१९०४९

कनिष्ठ = २ × २९७१८ × ३८०५ = ५९४३६ × ३८०५ = २२६१५३९८०

क्षेप = १

झालं. एक फेरा चक्रवाल आणि तीन वेळा भावना. साडेआठशे वर्षांपूर्वी कागद-पेन नसताना पाटीवर धूळ पसरून लोक हिशोब करायचे, त्याला धूलिकर्म म्हणायचे, आणि तसं असतानाही ही रीत इतकी आखूड आहे की कुठे अडखळायला होत नाही. पुढे १६५७ साली फ्रान्समध्ये फर्मा या गणितज्ञाने हाच ६१ चा प्रश्न फ्रेनिकल या दुसऱ्या गणितज्ञाला घातला होता. मग इंग्लंडमध्ये ब्राउंकरने रीत शोधली, ऑयलरने गफलतीने पेल या तिसऱ्याच माणसाचं नाव त्याला दिलं, आणि आज जगभर पेल समीकरण म्हणतात. बीजगणिताचा कोलब्रुकने केलेला इंग्रजी अनुवाद १८१७ चा, म्हणजे युरोपात ही गोष्ट फार उशिरा पोचली. मला नावाचं फार वाईट वाटतं, खरं सांगतो. निदान आपण तरी वर्गप्रकृती म्हणू.

पायरी ७ : मोठा गुणाकार न करता ताळा

पूर्ण ताळा करायचा तर १७६६३१९०४९ चा वर्ग येतो ३११९८८२९८२८६०२६४४०१, एकोणीस अंकी. २२६१५३९८० चा वर्ग ५११४५६२२६६९८४०४००, त्याला ६१ ने गुणलं की ३११९८८२९८२८६०२६४४००. शेवटचा अंक सोडून सगळं तेच.

हे स्प्रेडशीटमध्ये करू नका. तिथे पंधरा अंकच धरले जातात, पुढचे गळतात, त्यामुळे दोन वर्गांची वजाबाकी १ ऐवजी ० दाखवते आणि माणसाला वाटतं आपलंच चुकलं. पायथन ही संगणकाची भाषा येत असेल तर त्यात करा, त्यात पूर्णांक कितीही लांब असला तरी अंक गळत नाहीत. नाहीतर जुनी नऊ काढायची रीत आहेच. २२६१५३९८० च्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे नवाने भागून बाकी ०. मग ६१ × ० + १ = १. तिकडे १७६६३१९०४९ ची बेरीज ४६, ४ + ६ = १०, १ + ० = १, आणि १ चा वर्ग १. जुळलं.

अकराचाही ताळा लावा, कारण नवाच्या ताळ्यात दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर ती पकडली जात नाही आणि हाताने लिहिताना तीच चूक जास्त होते. उजवीकडून एक आड एक अधिक-उणे करायचं. कनिष्ठाचं: ० − ८ + ९ − ३ + ५ − १ + ६ − २ + २ = ८. त्याचा वर्ग ६४, अकराने बाकी ९. ६१ ची बाकी ६. ६ × ९ = ५४, अधिक १ = ५५, बाकी ०. ज्येष्ठाचं: ९ − ४ + ० − ९ + १ − ३ + ६ − ६ + ७ − १ = ०. दोन्हीकडे शून्य. जुळलं, आणि जाता जाता हेही कळलं की आपल्या आकड्याला ११ ने पूर्ण भाग जातो.

आकड्याच्या पोटात काय आहे

आता अवयव पाडू, मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. दहा अंकी आकड्याचे अवयव पाडायचे म्हणजे सरळ रीतीने ४२ हजारांपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागत बसावं लागतं, कारण त्याचं वर्गमूळ तेवढं आहे. पण आपल्याकडे गोल केलेला १५२३ आहे. १५२३/२ वाल्या ओळीची स्वतःशी भावना करून जे येईल त्याला तीच ओळ अजून एकदा जोडली तरी आपला हाच आकडा येतो, आणि त्या रस्त्याने गेलं की दिसतं:

१७६६३१९०४९ = १५२३ × (१५२३² − ३) ÷ २ = १५२३ × ११५९७६३

म्हणजे मधल्या पायरीतला अर्धा राहिलेला आकडा शेवटच्या आकड्यात अवयव बनून बसलाय. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी रात्री उठून परत गुणाकार करून बघितला होता.

राहिला ११५९७६३. अकराने भाग जातो हे ताळ्यातून माहीतच आहे: १०५४३३. आता १०५४३३ ला १३ पासून पुढे एकेका मूळ संख्येने भागत चला, १३, १७, १९, २३ नाही, २९ नाही, ३१ नाही, ३७, ४१, ४३, ४७, ५३ नाही, आणि ५९ ला लागतो: ५९ × १७८७ = १०५४३३. १७८७ ला ४१ पर्यंतच्या कुठल्याच मूळ संख्येने भाग जात नाही, १५२३ ला ३७ पर्यंत जात नाही, म्हणजे दोन्ही मूळ संख्या. तर:

१७६६३१९०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७

या चौघांना २४ ने भागून बघा. ११ ची बाकी ११. ५९ = ४८ + ११, बाकी ११. १५२३ = १५१२ + ११, बाकी ११. १७८७ = १७७६ + ११, बाकी ११. चारही मूळ संख्या, आणि चौघांची बाकी तीच! हा निव्वळ योगायोग नाही, या आकड्याच्या घडणीचाही त्यात हात आहे, पण त्याची सिद्धता थोडी वरच्या वर्गातली आहे म्हणून इथे देत नाही. शाळेतल्या मुलाला दाखवायचं तर वेगळ्या तऱ्हेने दाखवा: चौघांत एकेक मिळवा, १२, ६०, १५२४, १७८८, सगळ्यांना १२ ने भाग जातो. यातूनच अजून एक निघतं. चारही संख्यांना ४ ने भागलं की बाकी ३ राहते, आणि अशा वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार दोन वर्गांची बेरीज म्हणून कधीच लिहिता येत नाही. म्हणजे आपला आकडा दोन चौरस बागांत वाटता येणार नाही, कितीही खटाटोप केला तरी.

त्याचा वर्ग मात्र तीन चौरसांत मस्त वाटला जातो. ६१ = २५ + ३६, म्हणून ६१ कनिष्ठ² हे ५ पट कनिष्ठाचा वर्ग अधिक ६ पट कनिष्ठाचा वर्ग असं फोडता येतं:

१७६६३१९०४९² = ११३०७६९९००² + १३५६९२३८८०² + १²

शेजारी पण बघून घ्या

कुठल्याही मोठ्या आकड्याची ओळख करायची तर त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा आकडा बघायचा, ही सवय लावून घ्या. अलीकडचा १७६६३१९०४८, तो बरोबर २ × २९७१८². पलीकडचा १७६६३१९०५०, तो बरोबर १२२ × ३८०५². एका बाजूला एका वर्गाची दुप्पट, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या वर्गाची १२२ पट, म्हणजे ६१ च्या दुप्पट पट, आणि मध्ये आपला आकडा. पायरी ५ मधली अख्खी ओळ दोन्ही शेजाऱ्यांत वाटली गेलीय.

अजून बारीक फोडायचं तर २९७१८ = २ × ३ × ३ × १३ × १२७ आणि ३८०५ = ५ × ७६१. कनिष्ठ २२६१५३९८० या दोघांच्या गुणाकाराची दुप्पट असल्याने त्याचे अवयव शोधायला वेगळं काही करावं लागत नाही, २² × ३² × ५ × १३ × १२७ × ७६१, हे तोंडीच सांगता येतं. ज्येष्ठाला मात्र यातला एकही अवयव लागू होत नाही. होऊच शकत नाही, कारण ६१ कनिष्ठ² आणि ज्येष्ठ² यांच्यात एकाचाच फरक आहे.

वापर काय, असं कुणीतरी विचारतंच

वर्गमूळ. ज्येष्ठाला कनिष्ठाने भागा, १७६६३१९०४९ ÷ २२६१५३९८०, आणि ६१ चं वर्गमूळ मिळतं: ७.८१०२४९६७५९०६६५४... खऱ्या वर्गमुळाशी फरक दशांशचिन्हापुढे सतरा शून्यं गेल्यावर सुरू होतो. साधा एकच अपूर्णांक, आणि इतका काटेकोर. ब्रह्मगुप्तांनी ९२ साठी असंच उत्तर काढलेलं आहे, कनिष्ठ १२० आणि ज्येष्ठ ११५१, तेही भागून बघा.

आणि एकदा पहिलं उत्तर मिळालं की पुढची न संपणारी रांग मिळते, ओळ स्वतःशी जोडत राहायची. पुढचा ज्येष्ठ म्हणजे आपल्या आकड्याच्या वर्गाची दुप्पट उणे १, म्हणजे ६२३९७६५९६५७२०५२८८०१. मधे दुसरं कुठलं उत्तर नाही. १७६६३१९०४९ नंतर थेट हाच.

पाटण्याबद्दल सांगतो म्हणालो होतो

चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवर पाटणादेवी आहे, गौताळा अभयारण्याच्या कुशीत, पावसाळ्यात तर डोळ्याचं पारणं फिटतं. नवरात्रात आपल्याकडची किती माणसं देवीला जातात, पण येताना शिलालेखाची आठवण फार कमी जण काढतात. शके ११२८, म्हणजे १२०७ सालचा लेख आहे. त्यात भास्कराचार्यांचं घराणं दिलंय, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याचा मुलगा चांगदेव, जो यादव राजा सिंघणाच्या दरबारात ज्योतिषी होता, आणि या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ स्थापन केला असं त्यात स्पष्ट लिहिलंय. लेख बराचसा संस्कृत, पण दानाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत, "इयां पाटणीं" म्हणून. डॉ. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्य स्वतः आपलं गाव विज्जडविड सांगतात आणि ते नेमकं कुठलं यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत, त्या वादात मी पडत नाही. मठ इथे होता, मठासाठी दान इथल्या बाजारपेठेतून मिळत होतं आणि भास्कराचार्यांचा सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ इथे शिकवला जात होता, माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे. म्हणजे ६१ चं हे गणित त्या डोंगराच्या पायथ्याशी कुणीतरी कुणालातरी पाटीवर करून दाखवलं असणार, आणि ते आठवून मी तिथे गेलो की मला देवळापेक्षा त्या पाटीचंच जास्त मनात येतं.

आता तुमच्यासाठी एक

बीजगणितात ६१ एकटा नाही विचारलेला, त्याच श्लोकात ६७ पण आहे, "सखे" अशी हाक मारून. तो स्वतः सोडवा. सुरुवात ६७ × १² − ३ = ८² इथून. यात चक्रवालाचे तीन फेरे घालावे लागतात, गुणक अनुक्रमे ७, ५ आणि ९ निघतील, का निघतात ते दोन अटी लावून तपासा. क्षेप उणे असेल तर भागताना चिन्ह सांभाळा, कनिष्ठ आणि ज्येष्ठ उणे आले तर चिन्ह टाकून द्या, वर्गच घ्यायचाय म्हणून त्याने काही बिघडत नाही, पण क्षेपाचं चिन्ह टाकलं तर सगळं बिघडतं. वाटेत या ओळी भेटल्या पाहिजेत: कनिष्ठ ५, ज्येष्ठ ४१, क्षेप ६. मग ११, ९०, −७. मग २७, २२१, −२. क्षेप −२ आला की परत फेरा मारू नका, ओळ स्वतःशी जोडा, क्षेप ४ येईल, कनिष्ठ-ज्येष्ठ दोन्ही सम येतील, २ ने भागा. कनिष्ठ ५९६७ आणि ज्येष्ठ ४८८४२ आला तर बरोबर. नाही आला तर दुसऱ्या फेऱ्यापासून ताळा करत या, बहुतेक वेळा गडबड तिथल्या ६ ने भागण्यात झालेली असते.